अंगठ्याखालचा किनारा

नुगार्सिक, २० मार्च १९७४

माझ्या आईस,

अक्षर बघून दचकू नकोस, मी अजून जिवंत आहे. सुरी घसरली आणि बोटाला लागली, म्हणून मी सांगतोय आणि येरिमिआस मास्तर लिहितोय. शाळा, रविवारची प्रार्थना आणि औषधांची पेटी हा एकटाच सांभाळतो, त्यात आता माझी बडबड.

तू विमानात बसून हवी तेवढी कॉफी पितेस असं ऐकतो. इथली कॉफी फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी संपली. पीठही संपलं. सील मिळतोय म्हणून पोटाला तोटा नाही, पण कॉफीवाचून माणसं एकमेकांवर गुरकावायला लागली आहेत. मागच्या उन्हाळ्यात सामानाची लाल बोट चौदा दिवस बर्फाबाहेर थांबून परत गेली, त्याची ही फळं.

आता खरी गोष्ट ऐक. परवा सरकारी कचेरीतला माणूस हेलिकॉप्टरनं आला होता. येत्या उन्हाळ्यात ऑगस्ट संपेपर्यंत बोट आत आली नाही, तर नुगार्सिक बंद. एकसष्ट माणसं उचलून मोठ्या गावातल्या पिवळ्या घरांत ठेवायची. मी विचारलं, माझी अकरा कुत्री? तो म्हणाला, दोन ठेवा. बाकीच्या नवांचं काय करायचं हे त्यानं तोंडानं सांगितलं नाही, नुसते बूट जमिनीवर घासत राहिला.

बेटांच्या आतून वाट आहे, हे मी मागच्या वर्षी बोटीच्या कप्तानाला रेडिओवरून सांगितलं. तो हसला. कातड्याची होडी वेगळी आणि लोखंडाची बोट वेगळी, आजोबा, म्हणाला. शिवाय त्याच्या नकाशात तिथं काहीच नाही, कोरा कागद.

कप्तान माझं ऐकत नाही, पण विमानातून काढलेल्या नकाशाचं ऐकतो. तो नकाशा तू काढतेस. तेव्हा आई, आमची वाट तेवढी काढ.

तुझा लेक,
पाव्हिया

(बोटाला जखम वगैरे काही मला दिसली नाही, पण तो सांगतो तसं लिहिलं. — येरिमिआस)


दक्षिणेचा विमानतळ, १९ एप्रिल १९७४

माझ्या म्हाताऱ्या लेकास,

बोटाला चरबी चोळ आणि आठ दिवस सुरीपासून लांब राहा. आईचं ऐकायचं असतं.

माझ्या शेजारी बसून विमानाची दिशा सांभाळणारा हेन्रिक डेन्मार्कचा आहे. तुझं पत्र बघून म्हणाला, "साबीने, अडुसष्ट वर्षांचा माणूस तुला आई म्हणतो?" मी म्हटलं, "त्याची आई गेली आणि दीड महिन्यानं मी जन्मले. तिचं नाव मला दिलं. नाव आलं म्हणजे ती आली. मग तो माझा मुलगा नाही तर कोण?" त्यानं जरा विचार केला. "आणि तुझे वडील त्याचे धाकटे भाऊ ना?" मी म्हटलं, "हो, ते माझं शेंडेफळ." तेव्हापासून तो मला जरा वचकून असतो.

माझं काम सांगते. विमान किनाऱ्यावरून जातं, मी खिडकीला नाक लावून बसते आणि कागदावर आकडे लिहिते. पाण्याच्या दहा भागांतले किती बर्फाखाली, एवढंच. शून्य म्हणजे मोकळं, दहा म्हणजे बंद. बोटी त्या आकड्यांवर चालतात.

मागच्या आठवड्यात पहिल्यांदाच आपल्या बाजूनं गेलो. लेका, वरून समुद्र दिसतच नाही रे. उत्तरेकडून वाहत आलेलं बर्फ किनाऱ्याला चिकटून बसलेलं, लाखो तुकडे, एकमेकांवर घासून सगळ्यांच्या कडा वर वळलेल्या. मधेमधे पाण्याच्या भेगा, इतक्या काळ्या की तिथं काहीच नाही असं वाटतं. हिमनग वरून बुटके दिसतात, सावली केवढी लांब पडलीय ते बघून त्यांची उंची ओळखावी लागते. डोंगरांमधून हिमनद्या खाली येतात, निळसर, अंगभर ओरखडे असलेल्या, आणि समुद्राच्या तोंडाशी एकदम तुटतात. आणि शांतता! इंजिन कानाशी गरजतंय, पण डोळ्यांना सगळं गप्प वाटतं. मला रडू आलं. हेन्रिकला सांगितलं, बर्फ चमकतंय म्हणून.

पण एक फजिती झाली. आपले डोंगर मला ओळखताच येईनात. 'नाक पुसणारी'ला वरून ना नाक ना हात. 'बसलेला कुत्रा' म्हणजे नुसता दगडांचा ढीग. ही सगळी नावं होडीत बसलेल्या माणसानं ठेवलेली आहेत. अख्खं नुगार्सिक माझ्या अंगठ्याच्या नखाखाली झाकलं गेलं.

म्हणून नावं सांगू नकोस. वाट कुठं आहे ते दुसऱ्या कशानं तरी सांग.

साबीने


नुगार्सिक, २२ मे १९७४

माझ्या आईस,

या पत्रासोबत लाकूड पाठवतोय. लाटांबरोबर वाहून आलेलं आहे, हलकं, भिजलं तरी तरंगतं. त्याच्या कडा मी कोरल्या आहेत. प्रत्येक खाच एक खाडी, प्रत्येक उंचवटा एक नाक, म्हणजे समुद्रात घुसलेली जमीन. खालची गाठ म्हणजे आपलं गाव. वाटेचं तोंड कुठं ते तुला सापडेलच, तिथं मी एक भोक पाडलंय.

ही वाट मुळात तुझीच. बायकांची मोठी होडी तुम्ही आठ जणी वल्हवायच्या, मी सहा वर्षांचा, तुझ्या पायांशी कातडं पांघरून बसलेला. बाहेर बर्फ दातओठ खात होतं आणि आत, कड्याखाली, पाणी असं मोकळं की मला झोप लागली. तू वल्हं सोडून माझा अंगठा धरलास आणि असल्याच एका कोरलेल्या लाकडावर ठेवलास. "इथं आहोत आपण," म्हणालीस. तेव्हाचं ते लाकूड पुढं हरवलं. हे मी आठवणीवरून केलं.

हिमनदीखालून तिथं गोडं पाणी जोरात येतं. ते बर्फाला किनाऱ्याला टेकू देत नाही. आणि कप्तान खोलीचं विचारेल, त्याला सांग, त्या वाटेनं हिमनग उभेच्या उभे जातात. हिमनगाचं बूड मावतं, मग बोटीचं का मावणार नाही?

जास्त काय सांगू. आईला तिचंच घर कुणी दाखवतं का?

पाव्हिया

(बोट अजून बरं नाही म्हणे. पण हे सगळं त्यानं त्याच बोटांनी कोरलंय. — येरिमिआस)


दक्षिणेचा विमानतळ, १८ जुलै १९७४

प्रिय पाव्हिया,

लाकूड पोचलं. सुरेख केलंयस.

हवा वाईट आहे, धुकं उठत नाही. या वर्षी बर्फही फार जाड आहे, मागच्या वर्षीपेक्षा. तुझ्या वाटेचं नीट बघायला अजून जमलेलं नाही.

एक विचारू? मोठं गाव खरंच इतकं वाईट आहे का? घरात गरम पाणी येतं. दवाखाना जवळ आहे. तुझं वय झालंय. मी सहज लिहितेय, राग मानू नकोस.

साबीने


नुगार्सिक, २७ जुलै १९७४

साबीने,

आज 'आई' लिहिणार नाही. माझी आई असलं पत्र लिहिणार नाही.

गरम पाणी! चुलीवर भांडं ठेवलं की इथंही येतं. विमानात बसून बसून तुझ्या बुडाला उशीची सवय झालीय. तुलाच आम्ही नकोसे झालो असू तर तसं सरळ लिही, धुक्याआड लपू नकोस.

कारण धुकं नव्हतं. बारा तारखेला लख्ख ऊन होतं, माझ्या गालांना लागत होतं. तुमचं विमान दोनदा गेलं, गावासमोरच्या खाडीवरून आत आणि परत बाहेर. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या रेडिओवर सांगितलं की नुगार्सिकसमोर दहा. बंद. लाल बोट बर्फाबाहेर थांबली आहे, एकतीस ऑगस्टपर्यंत थांबेल.

तो दहाचा आकडा कुणाचा? हेन्रिकचा असेल तर त्याला म्हणावं, दिशा बघ, आमच्या पोटावर आकडे लिहू नकोस.

आणि एक कळू दे. विमान गावासमोरच्या खाडीत कशाला शिरलं? मी तिकडची वाट कोरलेलीच नाही. लाकूड धरलं होतंस कसं तू?

पाव्हिया

(पोरी, म्हातारा रागावलाय, पण पत्र सांगून झाल्यावर बराच वेळ तुझ्या जुन्या पत्रावरून हात फिरवत बसला होता. — येरिमिआस)


दक्षिणेचा विमानतळ, ५ ऑगस्ट १९७४

माझ्या लेका,

तो दहाचा आकडा माझा.

मी खोटं लिहिलं. धुकं नव्हतं. लाकूड मी नकाशाच्या टेबलावर ठेवलं, गाठ आपल्या गावावर, टोक उत्तरेला. डावी कड आणि उजवी कड बघितली आणि वाटलं, हे खाडीचे दोन किनारे. मधली वाट ती हीच. दुसरी खाडी गावासमोर आहेच कुठली? वैमानिकाच्या हातापाया पडून विमान आत नेलं. तिथं तुझ्या खाचांपैकी एकही नव्हती. बर्फ शेवटपर्यंत ठासून भरलेलं. सगळे माझ्याकडे बघत होते. मी माझ्याच घरासमोर दहा लिहिलं, कारण जे दिसतं ते लिहायचं, एवढंच माझं काम.

मला वाटलं, म्हाताऱ्याची आठवण दगा देतेय. तुझ्यावर अविश्वास दाखवला आणि तोंड लपवलं. आई म्हणवून घ्यायची माझी लायकी नाही.

पण मलाही विचारायचंय. सुरीनं कापलेलं बोट मार्चपासून ऑगस्टपर्यंत बरं होत नाही? लपवतोयस काय?

साबीने


बिनतारी संदेश, नुगार्सिक, ९ ऑगस्ट १९७४

लाकूड टेबलावरून उचल. टेबलावर ठेवायला ते ताट आहे काय. हातमोज्यात धर, बघू नकोस. अंगठा गाठीवर. एका कडेनं वर जा. टोकाला लाकूड उलट आणि दुसऱ्या कडेनं खाली ये. किनारा एकच आहे, एवढा लांब किनारा मावावा म्हणून वळवून कोरलाय. दोन किनारे नाहीत. भोक आहे ते उत्तरेला, गावापासून लांब. तुला आईच म्हणणार, पर्याय नाही. बोटाचं नंतर. पाव्हिया.


दक्षिणेचा विमानतळ, १९ ऑगस्ट १९७४

माझ्या शहाण्या लेका,

मिळाली!

हे पत्र मी लाल बोटीच्याच टपालात टाकतेय. उद्या इथून एक हेलिकॉप्टर बोटीवर जातंय. म्हणजे पत्र तुझ्या हातात पडेल तेव्हा बोट दारात उभी असेल. असंच होऊ दे. देवा, असंच होऊ दे.

वैमानिक आधी तयारच नव्हता. एकदा शोभा झाली तेवढी पुरे, म्हणाला. तेव्हा हेन्रिकनं तुझा बिनतारी संदेश त्याच्यासमोर ठेवला. "टेबलावर ठेवायला ते ताट आहे काय," हे वाचून वैमानिक इतका हसला की हो म्हणाला.

काल सकाळी नुगार्सिकवरून निघालो. मी भर उन्हाळ्यात सीलच्या कातड्याचा हातमोजा घालून, आत लाकूड, अंगठा गाठीवर. खाली घरं, मासे वाळवायचे दांडे, तुझी कुत्री. मग उत्तरेकडे. पहिली खाच, आणि खिडकीखालून खाडी गेली. उंचवटा, आणि नाक आलं. पुन्हा खाच. लेका, तू प्रत्येक दगड घातला आहेस! सहाव्या खाचेशी हेन्रिकचं हसणं थांबलं आणि तो मोठ्यानं मोजायला लागला. टोक आलं. मी लाकूड उलटलं, अंगठा पलीकडच्या कडेवर आला आणि किनारा खाली तसाच पुढं चालू राहिला. तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, आणि मी ओरडले.

नवव्या खाचेनंतर अंगठा भोकात गेला. वर बघितलं. समुद्रात घुसलेलं एक लांबलचक नाक, वाहून येणारं सगळं बर्फ त्याच्यावर आदळून बाहेर फेकलं जाणारं, आणि नाकाच्या पाठीमागं मोकळं पाणी. तिथून बेटांच्या आतल्या बाजूनं, उंच कड्यांच्या सावलीत, एक काळी पट्टी किनाऱ्याला धरून दक्षिणेकडे गेलेली, थेट तुझ्या दारापर्यंत. एका बाजूला हिमनद्या, त्यांच्या पायथ्याशी हिरवट दुधाळ पाणी उसळतंय. दुसऱ्या बाजूला बेटं, आणि बेटांच्या बाहेर ते सगळं पांढरं सैन्य अडकून पडलेलं. आम्ही इतके दिवस उंचावरून त्या सैन्याकडेच बघत होतो. सावलीत कुणी बघितलंच नव्हतं.

वैमानिक म्हणाला, "रुंदी आहे, पण खोली?" मी म्हटलं, "एक फेरी मारू." पट्टीत एक हिमनग होता, चर्चच्या दुप्पट उंच. पहिल्यांदा गेलो तेव्हा तो एका लाल कड्यासमोर होता. वीस मिनिटांनी परत आलो तर लाल कडा मागं टाकून पुढं गेलेला, उभाच्या उभा, वाऱ्याच्या विरुद्ध! बूड कुठंही टेकत नव्हतं. मी तिथंच रेडिओवरून कप्तानाला सांगितलं, "बर्फ दहापैकी एक. हिमनग चालतोय. तुमच्या बोटीचं बूड त्यापेक्षा खोल आहे का?"

त्यानं आकडा परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाला, "ही वाट कुणी सांगितली?"

"माझ्या मुलानं."

"वय काय त्याचं?"

"अडुसष्ट."

कप्तान म्हणाला की हवा अशीच राहिली तर बावीस तारखेला तो आत शिरेल, पण विमान पुढं पाहिजे. मी येतेय. तुला दिसेन तिथं घिरट्या घालीन.

तुझी आई,
साबीने


नुगार्सिक, २३ ऑगस्ट १९७४

माझ्या आईस,

हे पत्र लिहिताना मास्तरच्या हाताशी कॉफी आहे आणि ती तो कागदावर सांडतोय, तर डाग माझे समजू नकोस. कालपासून गावात एकही चूल विझलेली नाही. कॉफी, तळलेल्या गोड वड्या, पुन्हा कॉफी. कालपर्यंत एकमेकांचं तोंड न बघणारी दोन घरं आज एका बाकावर बसून गातायत. पीठ आलं, कोळसा आला, काडतुसं आली. अकराच्या अकरा कुत्री भुंकून भुंकून दमली.

कचेरीचा माणूस बोटीवरच होता. सगळ्यांदेखत त्यानं तो बंद करायचा कागद घडी घालून खिशात टाकला आणि म्हणाला, आता याची गरज नाही. मास्तरनं त्याला सगळ्यांत मोठा कप दिला.

आता बोटाचं. बोट धडधाकट आहे. डोळे गेलेत. दोन्ही. मागच्या हिवाळ्यापासून उजेड आणि अंधार एवढंच कळतं. तुला सांगितलं असतं तर मला मोठ्या गावात न्यायला तूच पहिली आली असतीस, आणि आंधळ्याची वाट कुणी शोधली असती? म्हणून लपवलं. लाकूडही तसंच कोरलं, चाचपून. तू टेबलावर ठेवून डोळ्यांनी वाचलंस म्हणून चुकलीस, आई. ते डोळ्यांचं नव्हतंच. बोटीवरचा डॉक्टर म्हणतो, पडदा आलाय, कापून निघतो. परतीच्या बोटीनं मी निघतोय. तिथं मला गरम पाणी दाखव. मग विमानात बसव, 'नाक पुसणारी'ला वरून खरंच नाक नाही का ते मला स्वतः बघायचंय. आणि बर्फ पडायच्या आत घरी सोड.

पण काल काय झालं ते ऐक, त्यासाठीच हे पत्र.

सकाळपासून सगळं गाव खडकावर जमलेलं. बोट दिसली की पहिली आरोळी कोण ठोकणार यावर पैजा. तुला माहीतच आहे, पहिली आरोळी ज्याची त्याचं नाव वर्षभर निघतं. तरणी पोरं सगळ्यांत वरच्या दगडावर चढलेली. त्यांची सगळ्यांची तोंडं समुद्राकडे, खाडीच्या मोठ्या मुखाकडे. कायम तिकडूनच येते ना बोट. मी एकटा पाठ फिरवून बसलो होतो, कड्याकडे तोंड करून. कुणीतरी म्हणालं, "पाव्हिया, समुद्र इकडे आहे रे!" सगळे हसले. मी हसू दिलं.

मग विमान ऐकू आलं. उत्तरेकडून, कड्याच्या मागून. आलं, पण पुढं गेलं नाही. एका जागी फिरत राहिलं. थोडं इकडे सरकलं, पुन्हा फिरलं. पुन्हा थोडं इकडे. एवढ्या हळू विमान कधी जातं का? विमान ज्याच्यासाठी थांबतं ते खाली पाण्यावर असणार. मी उभा राहिलो, छातीत मावेल तेवढी हवा भरली आणि ओरडलो, "उमिआर्सुआऽऽऽक! बोऽऽऽट!"

वरच्या दगडावरचा एक पोरगा ओरडला, "कुठाय? काही नाही! म्हातारा उगाच..." आणि तेवढ्यात, मास्तर सांगतो, कड्याच्या कोपऱ्यातून लाल नाक बाहेर आलं. आधी नाक, मग अख्खी बोट. भोंगा वाजला. सगळा डोंगर ओरडला, आई. बाया रडत होत्या, कुत्री रडत होती, मास्तर रडत होता.

(मी रडलो नाही. वारा होता. — येरिमिआस)

तो पोरगा दगडावरून उड्या मारत खाली आला, माझ्यासमोर उभा राहिला, आणि पहिल्यांदाच त्याच्या लक्षात आलं की मी त्याच्या तोंडाकडे बघत नाहीय. हळू आवाजात म्हणाला, "आजोबा, तुला दिसत नाही ना? मग आमच्या आधी बोट दिसली कशी?"

मी वर बोट केलं. तू अजून फिरत होतीस.

म्हटलं, "मला कुठं दिसली. माझ्या आईनं दाखवली."

पाव्हिया